सर्व्हर मुंबईत, मुक्काम परदेशात: लिस्बन की चियांग माई?

पेठेतली_अकाउंटंट
नमस्कार मंडळी. आमच्या फर्मची टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर) मुंबईतल्या क्लाउड सर्व्हरवर आहे आणि मी दिवसभर रिमोट डेस्कटॉपने, म्हणजे तिथला स्क्रीन नेटवरून माझ्या लॅपटॉपवर उघडून, त्यातच असते. साहेब म्हणालेत, काम वेळेवर झालं तर कुठूनही करा. म्हणून पावसाळा संपला की काही महिने बाहेर राहायचा बेत आहे. लिस्बन किंवा चियांग माई, नवऱ्याचं मन मात्र बालीत. तिन्हीकडचे घरमालक स्पीडटेस्टचे स्क्रीनशॉट पाठवतायत, लिस्बनवाल्याचा ५०० एमबीपीएसचा आहे. मग लिस्बनच ना? व्हिसा-टॅक्सचं सीएंशी बोलणं चालू आहे, प्रश्न फक्त नेटचा. २० तारखेला जीएसटीआर-३बी (जीएसटीचं महिन्याचं रिटर्न) असतं, तेव्हा नेटने दगा दिला तर माझी खैर नाही.

केबलकाका
ताई, तो ५०० चा आकडा आधी बाजूला ठेवा. माझी नोकरी नेटवर्कच्या नाइट शिफ्टमध्ये गेली, त्यामुळे जरा लांबण लावतो.

स्पीडटेस्ट आपणहून जवळचा सर्व्हर निवडतं. घरमालकाने मोजलंय ते लिस्बन ते लिस्बन. तुम्ही टॅलीत आकडा मारला की तो मुंबईला जाणार, तिथे उमटणार आणि त्याचं चित्र परत येणार. इथे एमबीपीएसचं काम थोडं, पिंगचंच (जाऊन-येऊन लागणाऱ्या वेळेचं) सगळं. एसटीत सीट ५० असोत की ५००, नागपूरला पोचायला वेळ तेवढाच लागतो.

फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किमी जातो. लिस्बन-मुंबई सरळ रेषेत ८,००० किमी, म्हणजे जाऊन-येऊन ८० मिलीसेकंद कुणाच्या बापाला कमी करता येणार नाहीत. त्यात केबल कुठली सरळ जायला! भूमध्य समुद्र, इजिप्त, तांबडा समुद्र, मग अरबी. १५० च्या आसपास धरून चाला. चियांग माई जेमतेम २,७०० किमीवर. ट्रॅफिक बहुधा बँकॉक-सिंगापूर करत येतो, तरी १०० च्या आतबाहेर राहावा. नंबरपॅडवर भराभर व्हाउचर मारणाऱ्या बोटांना हा फरक लगेच कळतो. पहिला आकडा दिसायच्या आत पुढचे तीन मारलेले असतात, मग बसा बॅकस्पेस दाबत.

शिवाय तो तांबडा समुद्र. सप्टेंबर २०२५ मध्ये जेद्दाजवळ एसएमडब्ल्यू-४ आणि आयएमईडब्ल्यूई या केबल तुटल्या, आपल्याकडे नेट मंदावलं, मायक्रोसॉफ्टलाही अझूरचा (त्यांच्या क्लाउड सेवेचा) वेग कमी झाल्याचं सांगावं लागलं. २०२४ च्या सुरुवातीलाही त्याच समुद्रात तेच झालं होतं. अशा वेळी नेट बंद पडत नाही, लांबच्या वळशाने येतं. लिस्बनची स्पीडटेस्ट तेव्हाही ५०० च दाखवेल.

घरमालकांना सांगा: राउटरला वायर लावा, स्पीडटेस्टमध्ये मुंबईचा सर्व्हर निवडा, माझ्या कामाच्या वेळेला मोजा. पिंग, जिटर (पिंगमधला चढउतार) आणि अपलोड दिसेल असा फोटो पाठवा.

बर्लिनचा_बाब्या
काकांशी सहमत, पण शहराचं नाव बघूनही फसू नका. मी बर्लिनच्या जुन्या इमारतीत राहतो. अजून तांब्याच्या टेलिफोन वायरीवर नेट, १०० च्या प्लॅनला अपलोड ४०. कनेक्शनवाल्याचा माणूस "८ ते १२ मध्ये येतो" म्हणाला, रजा टाकून बसलो, आलाच नाही. घरात फायबर आहे का ते विचारा. आणि दुबईचा विचार डोक्यात आला तर आईला व्हॉट्सॲप कॉल लागणार नाही हे लक्षात ठेवा; टीम्स, झूम चालतं.

उबुदकर
बालीत मार्चमध्ये न्येपी असतो. शक संवत्सराचाच पहिला दिवस, आपल्या पाडव्याच्या आगेमागे येतो. पण गुढी-श्रीखंड नाही, अख्खं बेट चिडीचूप. विमानतळ बंद, मोबाइल डेटा २४ तास बंद. घरातलं वायफाय बहुतेक चालू राहतं, पण हॉटस्पॉटच्या भरवशावर बसू नका. २०२६ मध्ये तो १९ मार्चला होता, म्हणजे तुमच्या ३बीच्या आदल्या दिवशी.

पेठेतली_अकाउंटंट
अरे देवा! न्येपीचं नवऱ्याला वाचून दाखवलं, म्हणाला वर्षात एक दिवस शांतता मिळेल.
काका, चियांग माईवाल्याचा फोटो आला: पिंग ८८, जिटर ४, अपलोड २००. लिस्बनवाला पिंगच पाठवत नाहीये, नुसता गच्चीचा फोटो पाठवतोय. एक शंका: नवऱ्याचे दिवसभर व्हिडिओ कॉल असतात, एका लायनीवर दोघांचं भागेल?

केबलकाका
कॉलला फार तर ३-४ एमबीपीएस लागतात, २०० मध्ये चिंताच नको. खरा चोर म्हणजे मोबाइलचं फोटो बॅकअप. ते सुरू झालं की राउटरमध्ये पॅकेटची (डेटाच्या तुकड्यांची) रांग लागते आणि ८८ चा पिंग चारशे-पाचशेवरही जाऊ शकतो. दिवसा ते बंद ठेवा, लॅपटॉपला वायर लावा. ओटीपीसाठी इथलं सिम रोमिंगवर चालू आहे ना, तेही निघायच्या आधी तपासा.

उबुदकर
चियांग माईत फेब्रुवारी ते एप्रिल शेतं-जंगलं जाळल्याचा धूर असतो. भाडेकरार जानेवारीअखेरपर्यंतचाच करा.