माथेरानची जुनी पोस्टकार्डं अल्बममधून सोडवायची आहेत, मोडी वाचणारंही कोणी हवंय

मंडळी,

मामीच्या माळ्यावरून आलेल्या अल्बममध्ये घाटातल्या रेल्वेची जुनी चित्रकार्डं मिळाली. सगळी काळ्या जाड कागदावर डिंकाने चिकटवलेली. एकाचा कोपरा आपसूक सुटलाय. तिथून मागची मोडीतली दीड ओळ आणि तिकिटाची कड दिसते. अडलंय ते इथेच.

ओळख पटवायचं काम बरंच झालंय. एक कार्ड बोरघाटातल्या रिव्हर्सिंग स्टेशनचं (चढावर गाडीची दिशा उलटी करायचं ठिकाण), तसं त्यावर छापलंच आहे. हे स्टेशन १८६३ पासून थेट १९२९ पर्यंत वापरात होतं, त्यामुळे नुसत्या चित्रावरून साल काढणं कठीण.

बाकी कार्डं छोट्या गाडीची. अल्बममध्ये पेन्सिलीने सरसकट 'माथेरान' लिहिलंय, पण माझा त्यावर विश्वास नाही. दार्जिलिंगची गाडीही दोन फुटी रुळांवरचीच, आणि तिकडची कार्डं त्या काळी ढिगाने निघत. म्हणून मी चाकं मोजली. पीरभॉय कुटुंबाने १९०७ साली माथेरानची गाडी सुरू केली, तिची ओरेनस्टाइन-कॉपेलची जर्मन इंजिनं चाकांच्या तीन जोड्यांची. दार्जिलिंगच्या नेहमीच्या इंजिनाला दोनच जोड्या, बॉयलरवर खोगिरासारखी पाण्याची टाकी, आणि पुढे रुळांवर वाळू टाकायला बसलेली माणसं. या हिशोबाने एक कार्ड तर सरळ दार्जिलिंगला गेलं!

एकात मात्र इंजिन वळणाआड आहे. दिसतात ते डबे आणि बोगद्याचं तोंड. दार्जिलिंगच्या मार्गावर बोगदा नाही, म्हणून मी हा आपला माथेरानच्या मार्गावरचा 'वन किस टनेल' धरतोय. पण सिमल्याच्या मार्गावर शंभराहून जास्त बोगदे, तेव्हा छातीठोक सांगवत नाही. नेरळ-माथेरान रुळांवरून चालत गेलेल्यांनी कृपया फोटो बघून सांगा.

आता मुख्य अडचण. हेच कार्ड हाताने रंगवलेलं आहे. भिंगातून पाहिलं तर छपाईचे ठिपके नाहीत, सलग करडी छटा, आणि झाडीचा हिरवा रंग डब्याच्या टपावर ओघळलाय. फ्रेमवाला म्हणतो, कोमट पाण्यात टाका, सुटेल. सुटेल हो, पण रंग आणि मागची शाई राहील का? वाफेबद्दलही मला हीच धास्ती. अल्बमचं पानच मागून थोडं थोडं सोलत आणावं असं वाटतंय. प्रत्यक्ष कोणी केलंय का? ऐकीव उपाय नकोत, प्लीज.

पाठ मोकळी झाली तर काळही कळेल. तिकिटावर सातवा एडवर्ड निघाला तर गाडी सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतलं कार्ड. पंचम जॉर्ज असेल तर किंमत बघायची: देशांतर्गत कार्डाला १९२२ पर्यंत पाव आणा लागे, मग अर्धा झाला. शिक्का वाचता आला तर प्रश्नच मिटला.

सुटल्यावर ठेवायची कशात, हेही सांगा. पीव्हीसीची पाकिटं चालत नाहीत एवढं माहीत आहे. पण आमच्याकडे पावसाळ्यात कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते.

विकायची नाहीत, त्यामुळे भाव सांगू नका. एका विक्रेत्याने कार्डं न बघताच फोनवर सांगून झालाय.

मुंबई-ठाणे-पुण्यात मोडी वाचणारं कोणी असेल तर कार्ड घेऊन मी स्वतः येईन. कुरियरने पाठवणार नाही.