नाव आधी की मालिका आधी? तुमच्या घरातल्या नावांचे अनुभव सांगा

शनायाची आई

काल रात्री पुतण्याच्या बायकोचा फोन आला. तिला सातवा चालू आहे. नावांची यादी झालीये, पण तिला सगळ्यात आवडलेलं नाव सध्याच्या एका मालिकेत आहे म्हणून सासूबाई नको म्हणतायत. मला विचारते, "काकू, तुम्ही शनाया ठेवलंत, नंतर कधी पस्तावलात का हो?" मला पटकन बोलताच येईना. दूध उतू जातंय सांगून फोन ठेवला आणि मग झोप नाही आली.

आमची शनाया जुलै २०१४ची. नाव कळलं ते २०१२च्या 'स्टुडंट ऑफ द इयर'मुळे, पण आवडलं ते जिभेवर कसं येतं म्हणून. बारशाला नणंदेने तांदळाच्या ताटात अंगठीने लिहिलं, कानात कुर्र केलं, बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले. सगळं छान. ऑगस्ट २०१६ला 'माझ्या नवऱ्याची बायको' सुरू झाली आणि शनाया म्हटलं की घरोघरी दुसरीचा, म्हणजे मालिकेतल्या राधिकाचा, संसार मोडणारी बाई डोळ्यांसमोर यायला लागली.

जून २०१७, प्लेग्रुपचा पहिला आठवडा. गेटवर एक आजी म्हणाल्या, "अगंबाई, ही शनाया? मग राधिका कुठाय?" सगळ्या हसल्या, मीही हसले. हिने मात्र मागे वळून बघितलं, राधिका कुठाय ते. पुढे आठ-दहा दिवस डब्यातली अर्धी पोळी तशीच परत यायची. का गं, तर म्हणे राधिकाला ठेवली, ती अजून आलीच नाही.

ती पोळी मी डब्यातून काढायचे तेव्हा काय व्हायचं ते मला अजून सांगता येत नाही. तुमच्याकडे असं काही झालंय का? सुनेला खरं उत्तर द्यायचंय मला.

वाशीवाली

अर्धी पोळी वाचून पोटात तुटलं गं.

अर्चना बँकवाली

मी अर्चना, वय तेव्हा चाळीस. एप्रिल २०१६मध्ये 'सैराट' आला आणि मे महिन्यापासून काउंटरवर आर्ची. मॅनेजरसुद्धा. बुलेट कुठे लावली विचारायचे. एरवी नुसतं "ओ मॅडम" म्हणणारे लोक हसून बोलायला लागले, खरं तर मला बरं वाटलं. अर्चना नाव आमच्या वर्गात चौघींचं होतं, त्याचं कुणाला काही कौतुक नव्हतं. 'पवित्र रिश्ता'तही अर्चनाच होती २००९ला, तेव्हा कुणी ढुंकून बघितलं नाही. बाकी रात्री लिहिते, कणीक भिजवायचीय.

सांगलीकर

आमच्या बाबांना क्रिकेटचं वेड. १९७७ला धाकटा भाऊ झाला, त्याचं नाव रोहन. का, तर गावसकरांनी मुलाचं नाव रोहन ठेवलं म्हणून. आणि गावसकरांनी ते ठेवलं वेस्ट इंडीजच्या रोहन कन्हायवरून. म्हणजे गयानाचं नाव मुंबईमार्गे सांगलीत. तेंडुलकरांचं सचिनही सचिनदेव बर्मनांवरून, हे सगळ्यांना माहीतच आहे. पुढे कितीतरी घरांत सचिन झाले ते मात्र बॅटीमुळे.

आमचा रोहन कधी बॅट धरून उभा राहिला नाही. तबला वाजवतो, उत्तम वाजवतो. बाबा त्याच्या प्रत्येक कार्यक्रमाला पहिल्या रांगेत बसायचे. आता त्याला नात झालीये नोव्हेंबरात. २ नोव्हेंबर २०२५ला नवी मुंबईत आपल्या मुली विश्वचषक जिंकल्या, पुढच्याच आठवड्यात ही आली. सांगलीत असताना दुसरं काय ठेवणार? स्मृती!

वाशीवाली

अभिनंदन आजोबा! म्हणजे चुलत आजोबा. त्या रात्री आमच्या बिल्डिंगमधलं कुणी झोपलं नव्हतं, स्टेडियमचा आवाज घरात येत होता. पेढे पाठवा.

कुडाळकर

आमच्या पणजीचं नाव शेवंता. आईने माझ्या मुलीला तेच ठेवायला लावलं, २०१५ला. घरात शेवंती म्हणायचो. २०१९ला 'रात्रीस खेळ चाले'चा दुसरा भाग आला, त्यात अण्णा आणि शेवंता, आणि झालं सुरू. शाळेच्या रिक्षात मोठी मुलं अण्णा कुठे विचारायची. पोर चार वर्षांची, तिला वाटायचं आमच्या शेजारच्या अण्णांना विचारतायत. सरळ सांगायची, "अण्णा बाजारात गेलेत."

बायको म्हणाली, शाळेत दाखल करताना दुसरं नाव लावू. आई चुलीपुढून उठलीसुद्धा नाही. "ह्या माझ्या आज्येचा नाव आसा. टीव्हीवाल्यांनी ता मागसून घेतला." बस. विषय संपला. पोरगी अजून शेवंताच आहे आणि तुळशीपुढची शेवंती रोज तीच काढते.

शनायाची आई

कुडाळकर, तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा. खरंच.

दोन लेकरांची आई

जरा वेगळं विचारते. नाव दाखल्यावर लागल्यावर बदलता येतं का? बाळ पाच महिन्यांचं आहे. जाऊबाईंनी आमच्या बाळाचंच नाव परवा त्यांच्या कुत्र्याला ठेवलं. मला रडूच आलं.

वॉर्डातला माणूस

जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते, ती नावाशिवायही होते. नाव लावलं नसेल तर १२ महिन्यांपर्यंत फुकट लावून मिळतं, त्यानंतर १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. पण एकदा नाव लागलं की ते बदलणं वेगळं, त्यासाठी राजपत्राचं प्रकरण निघतं. लोक आठव्या दिवशी घाईने नाव लावतात, मग काकूळतीला येतात. ताई, तुमचं लागलंय की मोकळं आहे ते आधी बघा.

दोन लेकरांची आई

लागलंय हो. जाऊ दे. कुत्रा मरतुकडा आहे, माझं बाळ गुटगुटीत आहे.

शनायाची आई

मीही चौकशी केली होती २०१७ला. राजपत्राचा अर्ज भरूनसुद्धा ठेवला होता. नवीन नावाच्या रकान्यात काय लिहायचं ते सुचेना, पेन घेऊन बसून राहिले. ती शेजारी बसून स्वतःचं नाव गिरवायला शिकत होती. श ला काना देत होती सारखा. मग नाही दिला अर्ज.

नागपूरची भाची

आमच्या पुष्पाआत्यावर ही वेळ दोनदा आली. १९७२ला 'अमर प्रेम' आला, त्यातली नायिका पुष्पा. आत्या तेव्हा कॉलेजात, पोरं रडू नको रडू नको करून छळायची. मग शाळेत शिक्षिका झाली, सगळे विसरले. डिसेंबर २०२१ला तो दुसरा पुष्पा आला, तोही दाढीवाला! आता नातवंडं तिच्यासमोर हनुवटीखालून हात फिरवून राहिली. आत्या म्हणते, पन्नास वर्षांपूर्वी मला रडवून राहिले होते, आता म्हणतात वाकायचं नाही, हे बरं आहे. ७० वर्षांची आहे, खांदा दुखतो तरी स्वतःही हात फिरवून दाखवते.

मेहुणा पुणे

बारसं म्हटलं की मला घुगऱ्या आठवतात. तुमच्याकडे हरभऱ्याच्या की गव्हाच्या?

कुडाळकर

हरभरे. वर ओलं खोबरं.

नागपूरची भाची

आमच्याकडे गहू. गूळ घालून.

वाशीवाली

भूक लागली की हो आता.

शीलाची मुलगी

मला हसता येत नाहीये म्हणून उशिरा लिहितेय. आईचं नाव शीला. २०१० आठवतंय ना, मुन्नी आणि शीला दोन्ही गाणी एकाच वर्षात आली. आईचं काम लोकांत वावरायचं, छातीवर नावाची पट्टी. ५२ वर्षांची बाई, समोरून पोरं गुणगुणत जायची. एकदा एकाने मोबाइलवर गाणं लावून तिच्यासमोर धरला. घरी काही बोलली नाही. पट्टी धुवायच्या कपड्यांत सापडली तेव्हा मला कळलं, तिने ब्लेडने नाव खरवडून फक्त आडनाव ठेवलं होतं.

आजोबांनी नाव ठेवलं होतं शील या शब्दावरून. ते असते तर, असं फार वाटतं. आई निवृत्त झाली. आता भिशीच्या बायका शीलाताई म्हणतात, तेव्हा ती ओ देते ते मला ऐकत राहावंसं वाटतं.

शनायाची आई

ताई, शीलाताईंना माझ्यातर्फे जवळ घ्या.

अर्चना बँकवाली

मीही वाचलं. मला आर्ची म्हणायचे त्यात प्रेम होतं. तुमच्या आईच्या वाट्याला ते आलं नाही. पट्टीचं वाचून सुन्न झाले.

एडिसनहून

आमची आर्या २००९ची. 'लिटिल चॅम्प्स'मधल्या आर्या आंबेकरचं गाणं ऐकत मी दिवस काढले, म्हणून आर्या. २०११ला 'गेम ऑफ थ्रोन्स' आली, त्यात तलवारवाली आर्या, आणि इकडच्या अमेरिकन शिक्षिका म्हणायला लागल्या, वा, तुम्ही फॅन दिसता! उच्चारही आर-या. मी दर वर्षी पहिल्या दिवशी जाऊन सांगते, जोडाक्षर म्हणून दाखवते. एकीलाच जमलं आजवर. मुलीला आता दोन्ही उच्चारांना ओ देता येते, मला नाही चालत.

कोविदचा बाबा

कोविद. संस्कृतात विद्वान. २०१८चा जन्म. ११ फेब्रुवारी २०२०ला त्या आजाराचं नाव जाहीर झालं. पुढचं तुम्हीच समजा. बागेत नुसती हाक मारली तरी बाकावरची माणसं उठायची. दोन वर्षं त्याला घराबाहेर सोनू म्हटलं. आता पुन्हा कोविद म्हणतो, कारण त्याने स्वतः शब्दकोशात शोधून काढलं आणि पानावर पेन्सिलने खूण केलीये.

ध. मा., कराड

मी धनंजय माने. खरंच. जन्म १९७९, सिनेमाच्या नऊ वर्षं आधीचा. सप्टेंबर १९८८ला 'अशी ही बनवाबनवी' आला तेव्हा मी चौथीत. तेव्हापासून दारावर येणारा प्रत्येक माणूस तेच विचारतो. कुरिअरवाला, गॅसवाला, विम्याचा एजंट. बघायच्या कार्यक्रमात मुलीच्या मामांनी विचारलं. कॉलेजात मी फार चिडायचो, दोघांशी मारामारी केली आहे.

२०१९ला बाबा दवाखान्यात होते. शेवटचे दिवस. जेवण बंद, बोलणं बंद. रात्रपाळीचा मुलगा औषधांची चिठ्ठी घेऊन आला, वर नातेवाईक म्हणून माझं नाव. दारातच थांबला, चिठ्ठी वाचली आणि त्याच्या तोंडून निघालंच, "धनंजय माने इथेच राहतात का?" त्याला लगेच वाईट वाटलं, जीभ चावली बिचाऱ्याने. पण बाबा हसले. नाकात नळी असताना. मला जवळ बोलावलं आणि म्हणाले, "नाव मी ठेवलंय. त्यांनी नाही." चार दिवसांनी गेले.

आता कुणी विचारलं की मी हो म्हणतो.

वाशीवाली

काय लिहू. कुकर लावायचा विसरले.

शनायाची आई

सुनेला फोन केला. अर्ध्या पोळीचं सांगितलं, खरवडलेल्या पट्टीचं सांगितलं, कुडाळकरांच्या आईंचंही. लपवलं काहीच नाही. ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, "काकू, तेच ठेवतेय." कोणतं ते इथे सांगत नाही, बारशाआधी फोडायचं नसतं.

शनाया मागे उभी राहून वाचत होती. अकरा वर्षांची आहे, सगळं वाचते. धनंजयकाकांना सांग म्हणाली, तुम्ही भेटलात तरी मी ते वाक्य विचारणार नाही.

ध. मा., कराड

तिला म्हणावं, विचार बिनधास्त. आणि येताना अर्धी पोळी आण.