मार्क फोर अँबॅसेडरला इसुझूचा ५ गिअरचा बॉक्स, क्लचप्लेट कुठली घ्यायची?

हँडलगिअर८४
नमस्कार मंडळी. वडिलांची ८४ ची मार्क फोर आहे, १४८९ सीसी बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) पेट्रोल इंजिन, स्टिअरिंगवरचे ४ गिअर. तिसरा आता हातानं धरून ठेवावा लागतोय, सोडला की न्यूट्रल, तुळजापूरचा घाट चढताना एक हात कायम गिअरवर. म्हणून इसुझू १.८ वाल्या अँबॅसेडरचा ५ गिअरचा बॉक्स भंगारातनं उचललाय, ऑइल काढून बघितलं, पितळेचा चुरा नव्हता. बेल हाउसिंग (बॉक्सचं इंजिनला जोडायचं घंटेसारखं तोंड) जुन्या इंजिनला सरळ बसत नाही म्हणून एमआयडीसीतनं १२ एमएमची अडॅप्टर प्लेट करून आणली. आता अडलंय क्लचवर. दुकानदार म्हणाला अँबॅसेडर म्हणजे अँबॅसेडर, बसतंय की ओ, न्या. घरी येऊन त्यानं दिलेली क्लचप्लेट बॉक्सच्या शाफ्टवर घालायला गेलो तर दातेच जुळंनात, जुन्या प्लेटचे जाड आणि मोजके, या शाफ्टचे बारीक आणि लय. आता परत पण घेईना. मिस्त्री म्हणतोय प्लेटचा हब (मधला दातेवाला भाग) बदलून देतो, पण मला वाटतंय सगळा सेटच इसुझूचा घ्यावा. काय करू?

गड्डा_एक्सप्रेस
अँबॅसेडर म्हणजे अँबॅसेडर 😂 त्या हिशोबानं चादर म्हणजे चादर, मग लुंगी पण पांघरा की. नावावर पार्ट घेऊ नका मालक. माझ्या प्रीमियर ११८ एनईची बॉडी फियाटची आणि इंजिन निसानचं ११७१ सीसी, काउंटरवर नुसतं "फियाट" म्हटलं की जुन्या प्रीमियर पद्मिनीचा माल पुढं येतो. बदललेल्या गाडीला तर जुना पार्ट हातात घेऊनच दुकानात जायचं.

लेथकाका
मालक, मी टर्नर माणूस, आयुष्य पॉवरलूमचे पार्ट करण्यात गेलं, पण अशी दोनतीन जोडणी करून दिलीय म्हणून सांगतो. प्लेटचे दाते गिअरबॉक्सच्या शाफ्टप्रमाणं, प्रेशर प्लेट (क्लचप्लेट दाबून धरते ती) फ्लायव्हीलप्रमाणं (इंजिनच्या मागचं जड चाक), आणि रिलीज बेअरिंगला (पेडल दाबलं की क्लच सोडवतंय ते) दोघांशी जमवून घ्यावं लागतंय, खरी गोची तिथंच होते. तुमच्या जुन्या इंजिनची प्रेशर प्लेट स्प्रिंगवाली, तीन फिंगरची, आणि बेअरिंग कार्बनचं, ते फोर्कलाच (बेअरिंग ढकलणारा दांडा) अडकवलेलं असतंय, कशावर सरकत नाही. इसुझूच्या बॉक्सला पुढं नळी आहे, त्यावर बॉल बेअरिंग सरकतंय आणि ते प्रेशर प्लेटच्या डायफ्रामच्या (ताटलीसारखी स्प्रिंग) पाकळ्या दाबतंय. म्हणजे मिस्त्रीनं हब बदलून प्लेट बसवली तरी बेअरिंगचं भांडण राहणारच.

म्हणून प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग तिन्ही इसुझूचंच घ्या. फ्लायव्हील मात्र जुनंच ठेवा, ते ज्यावर बसतं तो इंजिनचा क्रँक जुना आहे ना. आधी नवी प्लेट फ्लायव्हीलवर ठेवून बघा, लायनिंग पूर्ण घासायच्या जागेत बसतंय का, कडेला बाहेर लोंबायला नको. बसत असेल तर फ्लायव्हीलला फेसिंग मारायचं (लेथवर तोंड सपाट करायचं), नव्या प्रेशर प्लेटची भोकं पाडून आटे पाडायचे, डॉवेल (जागा पक्की धरणाऱ्या पिना) पण टाकायचे, नुसत्या बोल्टवर सेंटर भरवशाचं राहत नाही, आणि मग बॅलन्सिंग. बॅलन्सिंगला कंटाळा करू नका, पाच गिअर लागले की गाडी पळवणार आहात.

प्लेट उलटी बसवू नका, स्प्रिंगचा फुगीर भाग बहुतेक प्लेटमध्ये गिअरबॉक्सकडं असतो. हातानं फिरवून बघायचं, हब फ्लायव्हीलच्या बोल्टला घासतंय का. माझ्या एका गिऱ्हाईकानं हे बघितलं नाही आणि दोनदा बॉक्स उतरवला.

हँडलगिअर८४
काका लय आभार 🙏 आणि पायलट बुशचं (क्रँकच्या मागच्या भोकातला, शाफ्टचं टोक धरणारा)? शाफ्टचं टोक जुन्यापेक्षा वेगळं दिसतंय.

लेथकाका
बरोबर पकडलं. अडॅप्टरमुळं बॉक्स १२ एमएम मागं गेलाय, म्हणजे टोक तेवढंच कमी आत जाणार. क्लच न बसवता बॉक्स एकदा नुसता जोडा, बुशच्या भोकात कणकेचा गोळा ठेवून. टोक किती शिरतंय त्याचा ठसा उमटतो. ज्वारीचं पीठ नको, फुटतंय. मग टोकाचा व्यास मोजून बुश करून घ्या, बाहेरनं क्रँकच्या मापाचा, आतनं शाफ्टच्या. टोक आखूड पडलं तर बुश क्रँकच्या बाहेर थोडा काढता येतो, पण प्लेटच्या हबला लागता कामा नये. ऑइलाइट (तेल शोषून ठेवणारा सच्छिद्र ब्राँझ) मिळाला तर उत्तम, बसवायच्या आधी रात्रभर इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेवा.

हँडलगिअर८४ (२३ दिवसांनी)
बसला एकदाचा! बुश साडेतीन एमएम बाहेर काढावा लागला. पुढचे पाचही गिअर लोण्यासारखे, पण रिव्हर्सला करकर. परत सगळं उतरवायचं का? 😭

गड्डा_एक्सप्रेस
थांबा, आत्ताच स्पॅनर उचलू नका. क्लच दाबून पाच सेकंद थांबा आणि मग रिव्हर्स टाका. गप पडला तर प्लेट अजून फिरत होती एवढंच, बहुतेक गाड्यांना रिव्हर्सला सिंक्रो (गिअर पडताना वेग जुळवणारी रिंग) नसतोच. तरीही करकरला तर क्लच पूर्ण सुटत नाही. मग पेडल दोनतीनदा पंप करून बघा, त्यानं फरक पडला तर क्लचच्या ऑइल लाइनमध्ये हवा आहे.

हँडलगिअर८४
थांबून पण करकरला, पंप केल्यावर गेला. हवाच होती. पोराला पेडलवर बसवून ब्लीड केलं (हवा काढली), स्लेव्ह सिलिंडर ढकलतो त्या फोर्कचा ट्रॅव्हल डोळ्यानं वाढलेला दिसला. काल सात रस्त्यावरनं होटगी रोडला जाऊन आलो, एकदाही आवाज नाही. वडील मागच्या सीटवर बसलेले, म्हणाले हँडलवरचा गिअरच बरा होता.

आता प्रॉपेलर शाफ्ट (बॉक्सपासून मागच्या चाकांकडं जाणारा). मापं घेऊन फोटो टाकतो, काका बघा जरा.