गो चं वेंट कसं काय झालं?

चौथीची_आई: मुलीची क्रियापदं पाठ करणं चालूय. कम-केम, गिव्ह-गेव्ह इथपर्यंत ठीक, निदान पहिलं अक्षर तरी जागेवर असतं, पण गो चं वेंट? ग गेला कुठे? मी "असंच असतं" म्हणून वेळ मारून नेली. खरं कारण काय?

शिळोप्याच्या_गप्पा: वेंट मुळात गो चं नाहीच, उसनं आणलेलं आहे. वेंड म्हणून वेगळं क्रियापद होतं, अर्थ वळणे, त्यावरून मग वाट धरणे, जाणे. त्याचा भूतकाळ वेंट, जसं सेंड-सेंट, स्पेंड-स्पेंट. जुन्या इंग्लिशमध्ये गो चा भूतकाळ 'एओदे' होता, तोही दुसऱ्याच धातूचा, तो मागे पडत गेला आणि साधारण १५०० पर्यंत दक्षिण इंग्लंडात वेंट त्याच्या जागी येऊन बसलं. वेंड बिचारं उघडं पडलं, म्हणून त्याला वेंडेड असं नवं रूप मिळालं. स्कॉटलंडच्या बोलीत मात्र ग वालं 'गेड' टिकलं.

उंटावरचा_शहाणा: गो म्हणजे आपला संस्कृत गम् च की, सरळ दिसतंय.

शिळोप्याच्या_गप्पा: दिसतंय पण नाहीये 😄 गम् चा भाऊबंद आहे कम! आपल्याकडचा ग तिकडे क होतो, संस्कृतातला गो म्हणजे गाय, तिकडे काऊ, तसंच हे.

मिसळपंथी: इंग्लिशला कशाला हसायचं, आपलं जाणे बघा ना. जातो, जाईल, आणि भूतकाळात गेला. जाणे आलं संस्कृत या धातूकडून (याति), गेला आलं गत वरून. दोन घरचे धातू एका संसारात, आणि जन्मभर बोलूनही आपल्याला खटकत नाही. तिला हेच सांगा, पटकन कळेल.

चौथीची_आई: अरे वा, हे भारीच. आता लगे हाथ अजून एक, हॅज गॉन टू नागपूर आणि हॅज बीन टू नागपूर यात फरक काय, तिच्या वहीत दोन्ही आहेत.

मिसळपंथी: गॉन म्हणजे गेलाय, अजून तिकडेच आहे. बीन म्हणजे जाऊन आलाय. त्यामुळे समोर बसलेला माणूस स्वतःबद्दल "आय हॅव गॉन टू नागपूर" म्हणाला तर जरा गंमतच, आपल्याकडे सर्रास म्हणतात म्हणा.