मोठ्या बांधकामातून त्या प्रदेशाला नेमके किती मिळते?

प्रश्न (अर्थशास्त्राची विद्यार्थिनी):
एखाद्या प्रदेशात मोठा पूल, धरण किंवा नवी वसाहत उभी राहणार असली की इतके हजार रोजगार निर्माण होतील, असे घोषित केले जाते. माझ्या लघुप्रबंधाचा विषय बांधकाम उद्योगाचा प्रादेशिक अर्थव्यवस्थेतील वाटा हाच आहे. ही संख्या कशी काढतात आणि काम संपल्यावर त्यातले काय उरते, हे जाणकारांनी कृपया समजावून सांगावे.

उत्तर १ (निवृत्त प्राध्यापक):
या गणिताचा पाया अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड कान यांनी १९३१ मध्ये घातला. रस्तेबांधणीसारख्या सार्वजनिक कामांवर खर्च केला, तर प्रत्यक्ष कामावर आणि त्यासाठीच्या साहित्याच्या उत्पादनात व वाहतुकीत लागणाऱ्यांचा प्राथमिक रोजगार आणि त्यांच्या खर्चातून इतरांना मिळणारा दुय्यम रोजगार यांचे प्रमाण काय असेल, हा त्यांचा प्रश्न होता. अर्थशास्त्रज्ञ केन्सच्या गुणक संकल्पनेचे, म्हणजे मूळ खर्चामुळे एकूण उत्पन्न किंवा रोजगार किती पट वाढतो या मापाचे, मूळ तेथेच आहे. पुढे वासिली लिओन्टिफ यांच्या आदान-प्रदान सारणीमुळे कोणता उद्योग कोणाकडून किती माल घेतो हे मांडता येऊ लागले. त्या कार्यासाठी त्यांना १९७३ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

घोषणा वाचताना मात्र एकक अवश्य तपासा. दोनशे कामगार तीन वर्षे राबले, तर सहाशे मनुष्यवर्षे (एका माणसाचे एका वर्षाचे काम म्हणजे एक मनुष्यवर्ष) होतात. त्यांनाच सहाशे नोकऱ्या म्हटले की आकडा तिप्पट फुगतो. ही चूक मी अनेक अहवालांत पाहिली आहे आणि ती मला अक्षम्य वाटते, कारण लोक त्याच आकड्यावर विसंबून घरे बांधतात, कर्जे काढतात.

उत्तर २ (स्थापत्य अभियंता):
प्राध्यापकांच्या मांडणीला मी कामाच्या जागेवरचा अनुभव जोडतो. खडी, वाळू आणि विटा वजनाने जड व किमतीने हलक्या असल्याने त्या फार दूरून आणणे परवडत नाही. त्यामुळे तो पैसा बहुधा जवळच्या खाणी, भट्ट्या आणि वाहतूकदारांकडे जातो. उद्वाहक (लिफ्ट), विद्युत उपकरणे, विशेष प्रकारची काच किंवा पोलाद मात्र बाहेरून येते आणि त्यांच्या किमतीतला मोठा भाग प्रदेशाबाहेर जातो. मुख्य कंत्राटदार बाहेरचा असेल, तर नफाही बाहेर जातो. स्थलांतरित कामगार आपल्या कष्टाची मिळकत घरी पाठवतो, ज्यावर त्याचा पूर्ण हक्क आहे, पण हिशेबात ती त्याच्या मूळ प्रदेशाच्या बाजूला पडते. म्हणून एकाच खर्चाचा गुणक लहान तालुक्यासाठी कमी आणि संपूर्ण देशासाठी अधिक येतो.

दुरुस्ती आणि देखभालीकडे फार कमी अभ्यासकांचे लक्ष जाते, याची मला खंत वाटते. जुनी इमारत सुधारताना खर्चातील मजुरीचा वाटा सहसा नव्या बांधकामापेक्षा अधिक असतो आणि ती कामे लहान स्थानिक कंत्राटदार, गवंडी, सुतार, नळजोडणी करणारे यांच्याकडेच येतात.

उत्तर ३ (नियोजन विभागातील कर्मचारी):
या उद्योगातली तेजी-मंदी प्रबंधात नक्की यावी. स्पेनमध्ये २००७ मध्ये बांधकामात सुमारे २७ लाख लोक काम करत होते. २०१४ पर्यंत ती संख्या सुमारे १० लाखांवर आली. ज्या प्रदेशांनी सारा भर घरबांधणीवर दिला होता, तेथे विटा, दरवाजे, फर्निचर बनवणाऱ्यांचे कामही त्याच वेळी आटले.

प्रश्नकर्ती:
मनःपूर्वक आभार. मग प्रदेशासाठी कोणता आकडा विश्वसनीय मानावा?

उत्तर २ (स्थापत्य अभियंता):
एकच आकडा पुरणार नाही. मनुष्यवर्षे, खरेदीतला स्थानिक वाटा आणि काम संपल्यानंतर त्या पुलामुळे किंवा धरणामुळे चालू राहणारे व्यवसाय हे तीन स्वतंत्र रकान्यांत ठेवा. पहिले दोन आकडे हजेरीपट आणि खरेदीची बिले यांतून काढता येतात. तिसऱ्यासाठी काम पूर्ण झाल्यावर काही वर्षांनी तेथे पुन्हा जाऊन पाहणी करावी लागते.