मत्स्यालय मंडळाने सभासदांसाठी एकत्र खरेदी करावी का?

टिळकवाडीकर:
नमस्कार. बेळगाव, खानापूर आणि निपाणी परिसरातील मत्स्यालयप्रेमींचे आमचे छोटे मंडळ आहे. चेन्नईतील कोळत्तूरच्या घाऊक व्यापाऱ्यांकडून मासे, तसेच फिल्टर, दिवे आणि पाणवनस्पतींची माती मंडळाने एकत्र मागवावी, असा प्रस्ताव पुढील बैठकीत येणार आहे. एकट्याने चार मासे मागवले, तर पार्सलचे भाडेच त्यांच्या किमतीहून जास्त होते, हे खरे. तरीही मंडळाने पैशाच्या व्यवहारात पडावे का, याचा निर्णय होत नाही. जाणकारांनी मत द्यावे.

खानापूरकर:
सामान जरूर एकत्र मागवावे; माशांचा विचार मात्र वेगळा करावा लागेल. घाऊक मालात एकाच पिशवीत अनेक लहान मासे येतात आणि वाटपासाठी ती पिशवी कोठेतरी उघडावी लागते. खरा धोका तेथेच आहे. लांबच्या प्रवासात बंद पिशवीतील पाण्यात अमोनिया साठत जातो, परंतु माशांच्या श्वसनातून आलेल्या कार्बन डायऑक्साईडमुळे पाणी आम्लधर्मी होत असल्याने अमोनियाचा मोठा भाग कमी विषारी रूपात राहतो. पिशवी उघडताच कार्बन डायऑक्साईड निघून जातो, पीएच वाढतो म्हणजे पाण्याची आम्लता कमी होते आणि तोच अमोनिया घातक रूप घेतो. अशा वेळी कोणाच्या वाट्याला किती टेट्रा मासे, हे मोजत बसणे म्हणजे माशांचा छळ आहे. म्हणून प्रत्येक सभासदाची पिशवी व्यापाऱ्याकडूनच वेगळी बांधून घ्यावी, किंवा सर्व मासे एकाच तयार टाकीत सोडून दोन-तीन आठवडे वेगळे ठेवावेत आणि मगच वाटावेत. थंडीत हा काळ आणखी वाढवावा, कारण पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाच्या परजीवीचे जीवनचक्र थंड पाण्यात लांबते आणि वरून निरोगी दिसणारा मासाही रोग घेऊन येऊ शकतो.

शहापूरकर:
माझा विरोध आहे. रविवारी संध्याकाळी हिटर बंद पडला, तर चेन्नईचा व्यापारी नव्हे, आपल्या पेठेतला दुकानदार उपयोगी पडतो. त्याचा मोठा गिऱ्हाईकवर्ग मंडळानेच तोडला, तर तो औषधे आणि सुटे भाग कशाच्या जोरावर ठेवील? शिवाय बिल एकाच्या नावावर असेल, तर दुसऱ्याच्या फिल्टरच्या वॉरंटीसाठी कोण धावणार?

निपाणीकर:
शहापूरकरांची काळजी रास्त आहे, पण उपायही त्यातच आहे. सभासदांची एकत्रित मागणी आधी स्थानिक दुकानदारापुढे ठेवावी आणि त्याला जे आणता येत नाही तेवढेच बाहेरून मागवावे. पैसे आगाऊ घ्यावेत, चिटणीसांनी स्वतःच्या खिशातून एक रुपयाही भरू नये, आणि मूळ बिल व भाड्याची पावती सर्वांना दाखवावी. खाद्याचा मोठा डबा वाटून घेण्याचा मोहही टाळावा. डबा उघडल्यावर हवा आणि दमटपणा लागून त्यातील जीवनसत्त्वे कमी होतात, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात तर बुरशीही लवकर धरते.

टिळकवाडीकर:
सर्वांचे आभार. एक शंका उरते. वेगळ्या टाकीत ठेवलेले मासे वाटपापूर्वी मेले, तर नुकसान कोणाचे?

खानापूरकर:
मागणी नोंदवणाऱ्या सर्वांचे, त्यांच्या मागणीच्या प्रमाणात. टाकी सांभाळणाऱ्याचे एकट्याचे कदापि नव्हे. पोहोचतानाच मेलेल्या माशांचे छायाचित्र मात्र पिशवी न उघडता काढावे, कारण त्याशिवाय व्यापारी भरपाई सहसा मान्य करत नाहीत. हे पैसे घेण्यापूर्वीच लेखी ठरवावे.