‘मे कोमो ला काबेसा’ : स्वतःचं डोकं खाणं?

शेवंती: स्पॅनिशच्या वर्गासाठी एका पॉप गाण्याचं मराठी करतेय. गाणारी म्हणते, ही ‘आन्सिएदाद’, म्हणजे मनाची अस्वस्थता, माझी मीच उभी केलीय, आणि असू दे, तिच्याशी भांडणं मी सोडलं. पुढे येतं ‘मे कोमो ला काबेसा’. शब्दशः, मी माझं डोकं खाते; म्हणजे विचार करकरून स्वतःलाच छळते. आपल्याकडे डोकं दुसऱ्याचं खातात! बहिणीला वाचून दाखवलं तर तिने विचारलं, “कुणाचं?” काय लिहू?

रानवाट: ‘मन चिंती ते वैरी न चिंती’. सगळं आलं त्यात.

शेवंती: अर्थ तोच, पण म्हणीत कानउघाडणी आहे. ही स्वतःला बोल लावत नाहीये.

नीरफणस: ‘हाय खाणे’ घ्या, खाणंही राहील. घर गहाण पडलं तेव्हा आमच्या काकांनी हाय खाल्ली. सहा महिन्यांत गेले.

रानवाट: हाय खायला बाहेरून घाव बसावा लागतो. इथे काहीच घडलेलं नाही.

पाटीपेन्सिल: आधी ‘आन्सिएदाद’चं ठरवा. व्हेनेझुएलाचे संगीतकार चेलिके साराबिया यांचं याच नावाचं गाणं अमेरिकन गायक नॅट किंग कोलच्या १९५९ च्या स्पॅनिश रेकॉर्डमध्ये आहे. तिथे अर्थ ओढ, आस. आज तोच शब्द डॉक्टरांच्या कागदावर असतो. मूळ लॅटिन ‘आंगेरे’, म्हणजे आवळणे. संस्कृत ‘अंहस्’ (संकट, कोंडी) त्याच कुळातला. माझं मत ‘घुसमट’.

उंबरठा: सरळ ‘अ‍ॅन्झायटी’ लिहा. माझी मुलगी तेच म्हणते. चिंता म्हटलं की फीची नाहीतर लग्नाची.

रानवाट: मग मराठी करायचं कशाला? घालमेल, हुरहूर, धाकधूक, काहूर. एवढे शब्द असताना?

उंबरठा: धाकधूक निकालाच्या आदल्या दिवशी. हुरहूर संध्याकाळी. मुलगी रात्री दोनला उठून बसते, हात गार पडलेले असतात. त्याला यातला कुठला शब्द लावू?

नीरफणस: हुरहूर संध्याकाळचीच कशी? आमच्याकडे चाकरमानी सकाळच्या गाडीने मुंबईला गेले की आईला दिवसभर हुरहूर असायची.

पाटीपेन्सिल: ती ओढ झाली. जुन्या गाण्यातली ‘आन्सिएदाद’ हीच.

शेवंती: सोमवारी वर्ग आहे. सध्या ‘मीच मला पोखरते’ लिहून ठेवलंय.

रानवाट: पोखरते ती कीड. ‘कुरतडते’ बघा.

नीरफणस: कुरतडणं उंदराचं हो.